पन्नास पावलं मोकळी

सोनकांबळे सर अंतर पावलांनी मोजत. शाळेची शंभर फुटी टेप त्यांच्या ताब्यात होती, पण ती फक्त लांब उडीच्या दिवशी कपाटातून बाहेर निघे. बाकी सगळं पावलांवर. "माझं एक पाऊल अडीच फूट. चिखलात जरा कमी भरतं," असं ते सांगत, आणि ते खरं होतं, आमच्या मिस्टरांनी एकदा मुद्दाम टेप लावून पाहिलं होतं. माझ्या दुकानाच्या पायरीपासून रेल्वे फाटकापर्यंत एकतीस पावलं होतात. हे मला सरांनीच सांगितलं, पहिल्यांदा दुकानात आले त्या दिवशी. सांगताना चेहरा असा, की जणू माझ्या रक्तात साखर निघाली आहे.

"एकतीस म्हणजे कमी का जास्त?" मी विचारलं.

"पन्नास पाहिजेत, ताई. फाटकाच्या दोन्ही अंगाला पन्नास पावलं मोकळी."

"दुकान मागं सरकवता येत नाही, सर. झेरॉक्स काय करायचंय?"

त्यांनी खिशातून चार घड्या घातलेला अर्ज काढला. आमची ओळख अशी झाली.

आमचं गाव लातूर आणि नांदेडच्या मधलं, तालुक्याचं. भूकंपानंतर काही वर्षांत लातूरच्या निकालांचं नाव झालं, आणि तिथं ज्या पोरांना प्रवेश मिळेना ती आमच्याकडे यायला लागली. आमच्या क्लासवाल्यांच्या पाट्यांवर 'लातूर' हा शब्द क्लासच्या नावापेक्षा मोठा असे. सगळे क्लास रुळाच्या पलीकडे, कारण तिथं जागा स्वस्त होती. खोल्या आणि खानावळी अलीकडे, कारण गाव अलीकडे होतं. म्हणजे हजारेक पोरं दिवसातून चार वेळा एका फाटकातून जाणार. जिथं पोरं थांबतात तिथं धंदा होतो, हे कळायला मला कुठला क्लास लावावा लागला नाही. मी लातूरजवळच्या मुरुडची, बाजाराच्या गावची. फाटकाजवळची पत्र्याची खोली मी भाड्यानं घेतली आणि झेरॉक्सचं मशीन टाकलं. वर्षभरात माझ्या शेजारी चहा, भजी, रिचार्ज, पुन्हा चहा. गिऱ्हाईक गाडी दारातच लावतं. दार रस्त्यावर, रस्ता फाटकाचा.

फाटक बंद झालं की मागून आलेल्या गाड्या डाव्या बाजूला थांबत नसत. पूर्ण रस्ता भरून उभ्या राहत. पलीकडेही तसंच. फाटक उघडलं की दोन्ही फौजा समोरासमोर रुळावर भेटत. कडेला लावलेल्या गाड्यांमुळे बाजूला सरकायला जागा नाही. मग हॉर्न, शिव्या, आणि दहा मिनिटांनी कसंबसं मोकळं. रोजचं होतं. रोजच्या गोष्टीची भीती वाटत नाही.

सरांना वाटायची.

ते जिल्हा परिषदेच्या शाळेत पी.टी. शिकवायचे. आधी अहमदपूरला होते, मग आमच्या गावात आले ते इथलेच झाले. उंच, काटक, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, कॅनव्हासचे बूट. गळ्यात बुटाच्या नाडीत ओवलेली शिट्टी. शिट्टीबद्दल त्यांचा एक नियम होता: "पहिली शिट्टी सावध करायला, दुसरी पळायला. तिसरी नसते." कुणी जास्त वेळा शिट्टी फुंकली तर त्यांना ती शिवीसारखी लागे. गावातल्या पंचविशीपासून चाळिशीपर्यंतच्या कुठल्याही माणसाला धरा, तो सरांच्या हाताखालून गेलेला. सर मैदानावर फक्कीची रेष मारायचे आणि ओरडायचे, "रेषेवर पाय!" मग साठ पोरांचे अंगठे एका रेषेवर. एक इंच पुढं नाही, एक इंच मागं नाही. हे काम त्यांनी इतकं चोख केलं होतं की लग्नाच्या पंगतीतसुद्धा त्यांचे जुने विद्यार्थी फरशीची रेष बघून बसत.

क्लास वाढले तसे त्यांचे तास गेले. निकालाची भीती शाळेलाही होती. गणिताचे सर येऊन म्हणायचे, "सर, आजचा पी.टी.चा तास देता का?" हे देत. एकदा मला म्हणाले, "सगळे माझ्याकडं तास मागायला येतात. मी अजून कुणाकडं कबड्डी मागायला गेलो न्हाई." पुढं मैदानाची निम्मी जागा सायकलींना दिली. तरी सर दर सोमवारी धावण्याच्या सहा रेषा मारत, सायकली होत्या तिथं सायकलींच्या चाकांमधून वाकून. शाळेचा शिपाई हसायचा. सर म्हणायचे, "तुझं काय जातंय? फक्की शाळेची, कंबर माझी."

फाटकाचं वेड कुठून आलं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. उन्हाळ्याची दुपार होती, वीज गेलेली, मशीन बंद. अर्जाच्या प्रती निघेपर्यंत बसा म्हटलं, तर बसले. पंख्याच्या थांबलेल्या पात्यांकडे बघत बोलले.

त्यांची धाकटी बहीण किल्लारीकडच्या एका गावात दिलेली. भूकंप झाला त्या सकाळी सर मिळेल त्या वाहनानं तिथं पोचले. दुपारी तिला मातीखालून काढलं. जिवंत होती. पाणी मागितलं. दाराच्या फळीवर घालून जीपमध्ये ठेवली. गावाबाहेर रस्त्याला लागले आणि जीप थांबली. पुढं दोन्ही बाजूंनी गाड्या लावलेल्या. बघायला आलेल्यांच्या.

"चार किलोमीटरला अडीच तास, ताई. मी उतरून पुढं पळायचो, एकेक गाडी हलवा म्हणायचो. ज्यांच्या गाड्या ते गावात गेलेले. चाव्या त्यांच्या खिशात."

"मेली का?" मी विचारलं. मला आडून विचारता येत नाही.

"जीपमधीच." मग म्हणाले, "लोकं वाईट न्हवती ती. कुणी भाकरी आणल्या होत्या, कुणी चादरी. गाडी कुठं लावावी एवढंच त्यांना सुचलं न्हाई."

वीज आली. मी प्रती काढून दिल्या. तो अर्ज मी इतक्या वेळा झेरॉक्स केला आहे की मला पाठ आहे. विषय: रेल्वे फाटकाच्या दोन्ही बाजूंस पन्नास पावलांच्या अंतरात वाहने उभी करण्यास व थांबविण्यास मनाई करणेबाबत.

नगरपालिकेतल्या कारकुनानं पहिला अर्ज परत केला. "पावलं? कुणाची पावलं? उंटाची का कोंबडीची? मीटरमधे लिहून आणा." सरांनी अडतीस मीटर लिहून नेलं. मग कारकून म्हणाला, फाटकाजवळचा रस्ता आहे, रेल्वेची ना हरकत लागेल. रेल्वेच्या साहेबांनी सांगितलं, आमची हद्द आमच्या खांबापर्यंत, गाड्या खांबाबाहेर लागतात. पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदार सरांचाच विद्यार्थी निघाला. उभा राहिला, पाया पडला, चहा मागवला आणि म्हणाला, "सर, बोर्ड असल्याबिगर मी गाडी उचलली तर उद्या माझीच गाडी उचलतील. बोर्ड नगरपालिकेचा." सर पुन्हा नगरपालिकेत. मी हिशेब ठेवला नाही, पण दोन पावसाळे यात गेले.

माझ्या बाजूचंही सांगते. सर मला म्हणाले होते, "ताई, तुमच्या गिऱ्हाइकांना मागं शाळेच्या भिंतीला गाड्या लावायला सांगा." मी हो म्हटलं. एक आठवडा सांगितलंही. शेजारच्या पोराच्या दुकानात नवीन मशीन आलं होतं आणि त्याच्या दारात गाडी लावता येत होती. आठवड्यानंतर मी सांगायचं बंद केलं. सरांनी विचारलं तर म्हणायची, "सांगते हो, ऐकत नाहीत." ते मान हलवायचे. त्यांना खोटं कळत होतं की नाही, मला कधी कळलं नाही.

शेवटी त्यांनी स्वतःच रेष मारली. एका रविवारी सकाळी येऊन फाटकापासून पन्नास पावलं मोजली, रस्त्यावर आडवी रेष. मग दोन्ही कडांना दोन उभ्या, फाटकापर्यंत. पहिल्या दिवशी फक्की, ती दहापर्यंत चाकांनी नेली. मग चुना भिजवून कुंच्यानं. बादली माझ्या दुकानात ठेवत. फाटकाचे गेटमन महेबूबभाई, साठीला टेकलेले, केबिनच्या पायरीवर उभं राहून बघत होते.

"सर, ये रस्ता है, ग्राउंड नै," ते म्हणाले.

"माहीत हाय. ह्या रेषांच्या आत कुणी थांबू नये, एवढंच."

"लोगां समझेंगे?"

"सगळी माझीच पोरं हायेत, महेबूबभाई. रेष कळती त्यांना."

रेष कळली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं तर रस्त्याच्या कडेला बारा ऑटो, एका सरळ रांगेत, प्रत्येकाचं पुढचं चाक बरोबर चुन्याच्या रेषेवर. एवढी शिस्त आमच्या गावानं कधी पाहिली नव्हती. आधी गाड्या कशाही लागायच्या. त्यात निदान मधे मधे फटी असायच्या. आता फट नव्हती.

सर आले. रांगेकडे बघत उभे राहिले. पहिल्या ऑटोतून बालाजी उतरला. शाळेत कबड्डीच्या संघात होता, आता ऑटो युनियनचा पुढारी. छाती काढून म्हणाला, "काय सर! बघा, एक इंच इकडं न्हाई, तिकडं न्हाई. सगळे रेषेवरच हाव."

"अरे, रेषेवर न्हाई थांबायचं. रेषेच्या आत थांबायचंच न्हाई."

"मग रेष कशाला मारून राहिलाव, सर? तुम्हीच तर सांगायचाव, रेष मारली की रेषेवर पाय."

मागचे ऑटोवाले हसले. वाईट हसणं नव्हतं, शाळा आठवल्यासारखं होतं. सरांनी शिट्टी वाजवली. एकदा. सगळे गप्प झाले, आणि कुणी हललं नाही. दुसरी वाजवली. एक ऑटो निघाला, त्याचं भाडं आलं होतं म्हणून. त्याच्या जागी लगेच दुसरा आला आणि चाक रेषेवर लावलं.

सरांनी रेष पुसायचा प्रयत्न केला. काळ्या रंगानं वरून कुंचा मारला, तर ती ओली काळी रेष जास्तच उठून दिसायला लागली. पुढं ऊन लागून चुना वर आला. रांग तशीच. मग सर रोज सकाळी सव्वासात ते नऊ फाटकाजवळ उभे राहायला लागले, शाळा दहाची म्हणून. हातानं गाड्या मागं घालवत. ऐकणारे ऐकत, ते नऊला गेले की पुन्हा लावत. पोरी त्यांना 'शिट्टीवाले आजोबा' म्हणत. ते आजोबा नव्हते तेव्हा.

बारावीच्या परीक्षेला तीन आठवडे उरले होते तेव्हा त्यांना ताप आला. सलग चार दिवस आले नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी आठच्या सुमाराला फाटक उघडलं आणि दोन्ही बाजू आत घुसल्या. रुळावर एक ऑटो, आत सहा पोरी. पुढं ट्रॅक्टर, मागं दुचाक्या, दोन्ही कडांना रेषेवर लावलेली रांग. स्टेशनवरून पुढच्या गाडीचा फोन आला. महेबूबभाई फाटक पाडायला गेले तर फाटकाखाली माणसं. त्यांनी लाल झेंडा उचलला आणि रुळावरून गाडीच्या दिशेनं पळत सुटले. त्या वयात. मी दुकानातून बघत होते. ओरडायला तोंड उघडलं, पण कुणाला काय ओरडायचं ते कळेना.

ऑटोतून पोरी उड्या मारायला लागल्या. गाडी थांबली, बऱ्याच अलीकडे थांबली. ऑटोला काही झालं नाही. एक पोरगी मात्र खडीवर पडली, उजव्या हातावर. मनगट मोडलं. माहूरकडची होती, माझ्याकडेच नोट्स झेरॉक्स करायची, अक्षर मोत्यासारखं. लेखनिक मिळेल म्हणून कुणी कुणी धावपळ केली, पण वडील आले आणि तिला घेऊन गेले. 'एक वर्ष गेलं तर गेलं' म्हणाले. पुढच्या वर्षी ती आली नाही. तिचं लग्न झाल्याचं तिच्या मैत्रिणीनं सांगितलं.

चौकशी झाली. रेल्वेचे साहेब लोक आले, माझ्याच दुकानातून कागदांच्या झेरॉक्स नेल्या. फोन आल्यावर फाटक का पाडलं नाही, याचं उत्तर महेबूबभाईंनी सरळ दिलं: गाड्या होत्या. गाड्या तिथं का होत्या? रेष होती, रेषेवर लावतात. रेष कुणी मारली? कुणाची परवानगी?

मला विचारलं, "रेष मारल्यावरच गाड्या अशा रांगेत लागायला लागल्या, हे खरं का?"

खरं होतं. मी "हो" म्हटलं आणि सही केली. त्याआधी गाड्या कशा लागायच्या, कुणाच्या दारात लागायच्या, हे मला कुणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

सर तापातून उठून आले होते. त्यांना विचारलं तेव्हा ते सावधानमध्ये उभे राहिले, सवयीनं. "रेष मी मारली. महेबूबभाईंचा यात काही दोष न्हाई." हे लिहून घेतलं. दोन्ही वाक्यं लिहिली की पहिलंच, ते मी पाहिलं नाही. महेबूबभाईंना फाटकावरून काढून कुठल्यातरी लांबच्या स्टेशनवर टाकलं. निवृत्तीला सव्वा वर्ष होतं. जाताना ते दुकानात आले, बदलीच्या ऑर्डरची झेरॉक्स काढली आणि म्हणाले, "सर को बोलो, मेरे दिल में कुछ नै." मी निरोप दिला. सरांनी ऐकला आणि बादली उचलली. "ही घेऊन जातो, ताई. तुमची जागा अडती."

शाळेलाही पत्र आलं, विनापरवाना रस्त्यावर खुणा केल्याबद्दल. सरांनी खुलासा एका ओळीत दिला. मी म्हटलं, बहिणीचं लिहा, तीन अर्जांच्या पोचपावत्या जोडा, मी फुकट झेरॉक्स काढून देते. ते म्हणाले, "त्याचा इथं काय संबंध? पोरं रेषेवर उभी राहिली ते मीच शिकवलेलं. तेवढं खरं हाय."

चार महिन्यांनी बोर्ड लागला. निळा, दोन खांबांवर. 'वाहनतळ: ऑटोरिक्षा'. जागा आधीच आखलेली होती, त्यामुळे नगरपालिकेला सोपं गेलं. चुन्याच्या रेषेवर त्यांनी पिवळा रंग दिला, तो अजून आहे. बालाजीनं नारळ फोडला. सरांना बोलावलं होतं, ते आले नाहीत. मला पेढे आले, मी घेतले.

पुढं सात-आठ वर्षांनी सर निवृत्त झाले. फाटकाकडं येणं बंद केलं. बाजारात जायचं तर स्टेशनच्या मागून लांबून जात. त्यांना शेवटचं पाहिलं ते दोन-तीन वर्षांनी, संध्याकाळी पाचच्या आसपास. मी कागदाची रिमं घेऊन पलीकडून येत होते, माझी स्कूटी, पायाशी चार रिमं. फाटक नुकतंच उघडलं होतं. पलीकडच्या बाजूला, फाटकापासून सात-आठ पावलांवर, एक स्कूटी तिरकी लावलेली आणि तिला धरून सर उभे. वाळले होते. बुटांच्या जागी चपला. सून नातीला क्लासमधून आणायला आत गेली होती. पाचवीपासूनचे क्लास निघाले होते तोवर.

माझी गाडी त्यांच्यापाशीच अडली. "बरंय का, ताई?" ते म्हणाले.

"बरंय. तुम्ही?"

"सूनबाई आत गेली. हँडल लॉक करून गेली, चावी तिच्याकडं हाय." मी विचारलं नव्हतं.

मागं हॉर्न सुरू झाले. एका पोरानं मोटरसायकलवरूनच मान पुढं काढली. "ओ आजोबा! गाडी काढा की! फाटकाच्या तोंडात लावून राहिलाव, अक्कल हाय का न्हाई?"

सरांनी त्याच्याकडं बघून मान हलवली. "बरोबर हाय तुमचं," ते म्हणाले. मग दोन्ही हातांनी स्कूटीचं मागचं कॅरिअर धरलं आणि उचलायला गेले. मागचं चाक दोन बोटं वर आलं, पुन्हा खाली बसलं. त्यांनी पुन्हा धरलं.

माझ्या पुढची जागा मोकळी झाली होती आणि मागचा ट्रक अंगावर येत होता. मी गाडी घातली आणि रूळ ओलांडले.